त्वचेला पेलेल इतकेच औषध

उच्च रक्तदाबावर औषध मिळत नाही म्हणून माणसे दगावतात, असे आज कोणाला म्हणता येणार नाही. अमलोडिपिन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल, क्लोरथॅलिडोन ही नावे तालुक्याच्या औषधदुकानात काम करणाऱ्या मुलालाही पाठ असतात, आणि त्यांतली बरीचशी औषधे स्वस्तही आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मांडलेले चित्र असे आहे: ३० ते ७९ या वयातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांच्यापैकी पाचांत एकाचाच दाब आटोक्यात आहे. कित्येकांना आपला दाब वाढलाय हेच ठाऊक नाही. पण ज्यांना ठाऊक आहे, ज्यांच्या घरात गोळ्यांची पाकिटे आहेत, त्यांचे तरी काय होते? गोळ्यांची डबी कधी उघडली याची नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक झाकणे वापरून ४,७८३ रुग्णांचा एक अभ्यास झाला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाच्या आत जवळजवळ निम्म्या रुग्णांनी औषध सोडून दिले होते.

यात रुग्णाला दोष देऊन काही साधत नाही. दाब वाढला म्हणून काही दुखत-खुपत नाही. बरे वाटत असताना रोज गोळी कशाला, हा प्रश्न शहाण्यासुरत्या माणसालाही पडतो. त्यात एका गोळीने भागले नाही की दुसरी येते, मग तिसरी. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, जेवणाआधी की नंतर, याचा घोळ सुरू होतो. म्हणून अलीकडे दोन-तीन औषधे एकाच गोळीत आणण्याकडे कल आहे. त्याच्याही पुढचे पाऊल म्हणजे या पुस्तकाचा विषय: एकाहून अधिक औषधे एकाच पट्टीत बसवून ती त्वचेवर चिकटवायची आणि दिवसभर किंवा आठवडाभर औषध रक्तात झिरपू द्यायचे. कल्पना ऐकायला सोपी आहे. ती प्रत्यक्षात आणणे फार अवघड आहे, आणि ज्या वाटेने बहुतेक जण तिच्याकडे जातात ती वाट मला चुकीची वाटते. त्याविषयी वाचकाशी सविस्तर बोलावे, एवढ्यासाठीच ही प्रस्तावना लांबवली आहे.

आधी औषधे एकत्र देण्याविषयी. रक्तदाबाचा उपचार करून जीव वाचतात, हे ज्या चाचणीने पहिल्यांदा निर्विवाद दाखवले ती १९६७ सालची अमेरिकेतली चाचणी होती. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता असे १४३ पुरुष निवडले. काहींना औषधे दिली, काहींना औषध नसलेल्या साध्या गोळ्या. साध्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर विकार झाले, औषधांच्या गटात दोघांना. ही औषधे एक नव्हे, तीन होती: हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलाझिन आणि रेसर्पिन. म्हणजे आधुनिक रक्तदाबोपचाराचा पायाच मिश्रणावर घातला गेला आहे. त्यातले रेसर्पिन सर्पगंधेतून आलेले, आणि सर्पगंधा जगातल्या डॉक्टरांच्या नजरेत आणून दिली ती मुंबईने. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचा आपला अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. त्यानंतर तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. मुंबईतल्या आजच्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा दुवा सांगितला की ते चकित होतात, याचे मला वाईट वाटते.

पुढे बराच काळ उलटा विचार रूढ झाला: एक औषध द्या, पुरले नाही तर त्याचीच मात्रा वाढवा. वॉल्ड आणि लॉ या ब्रिटिश संशोधकांनी शेकडो चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून या विचाराला धक्का दिला. २००३ साली त्यांनी दाखवले की नेहमीच्या पूर्ण मात्रेने वरचा दाब सरासरी ९.१ मिलिमीटरने उतरतो आणि अर्ध्या मात्रेने ७.१ ने. मात्रा निम्मी झाली तरी गुण एक-पंचमांशानेच घटतो, आणि त्रास मात्र बराच कमी होतो. पायांवरची सूज, चक्कर, पोटॅशियमची घट हे सारे मात्रेबरोबर वाढते. म्हणून थोड्या-थोड्या मात्रेत दोन-तीन निरनिराळ्या वर्गांची औषधे देणे शहाणपणाचे. श्रीलंकेत झालेल्या 'ट्रायम्फ' चाचणीत टेल्मिसार्टन २०, अमलोडिपिन २.५ आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम अशी एकच गोळी दिली. सहा महिन्यांनी ७० टक्के रुग्णांचा दाब ठरवलेल्या पातळीखाली आला. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ५५ टक्के होते. ऑस्ट्रेलियातली 'क्वार्टेट' चाचणी आणखी पुढे गेली. तिच्यात चार औषधे होती, प्रत्येकाची मात्रा नेहमीच्या पाव: इर्बेसार्टन ३७.५, अमलोडिपिन १.२५, इंडापामाइड ०.६२५, बिसोप्रोलॉल २.५ मिलिग्रॅम. बारा आठवड्यांनी या गटातल्या ७६ टक्के लोकांचा दाब आटोक्यात आला. एकट्या इर्बेसार्टनच्या पूर्ण मात्रेने ५८ टक्क्यांचा आला.

हे आकडे ज्याने पट्टीचे शास्त्र शिकले आहे त्याने पुन्हा वाचावेत. पाव मात्रेतली अमलोडिपिन, इंडापामाइड आणि बिसोप्रोलॉल मिळून साडेचार मिलिग्रॅमही होत नाहीत. त्वचेतून दिवसाला फार तर दहा-वीस मिलिग्रॅम औषध आत जाऊ शकते, तेही औषध त्वचेला मानवणारे असेल तर. इतकी वर्षे रक्तदाबाच्या पट्टीला आडवी आलेली अडचण मात्रेची होती. आता हृदयरोगतज्ज्ञच वेगळ्या कारणाने म्हणू लागले आहेत की मात्रा लहान ठेवा आणि औषधे जास्त घ्या. या दोन गोष्टी जिथे मिळतात तिथेच संयुक्त पट्टीला खरी जागा आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता त्वचेविषयी. तिचा सर्वांत बाहेरचा मृत थर तळहात-तळपाय सोडले तर अवघा दहा-वीस मायक्रोमीटर जाडीचा असतो. पण शरीरातले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे काही आत येऊ न देणे हे काम तोच करतो. शास्त्राच्या पुस्तकांत त्याला विटांच्या भिंतीची उपमा देतात: चपट्या सुकलेल्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधली सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्ले ही दर्ज. औषधाला विटांतून नव्हे, दर्जांतून वळसे घेत जावे लागते. दर्ज स्निग्ध असल्याने औषधही थोडे स्निग्ध हवे. मात्र फार स्निग्ध असेल तर ते तिथेच अडकून बसते आणि खालच्या ओलसर थरात उतरत नाही. रेणू लहान हवा; पाचशे डाल्टनच्या वर गेला की बहुतेक वाट बंद होते. क्लोनिडिन २३०, बिसोप्रोलॉल ३२५, इंडापामाइड ३६६, अमलोडिपिन ४०९. टेल्मिसार्टन मात्र ५१४.

याचा हिशेब करून पाहावा. अमलोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेतली तर तिच्यातले साठ-पासष्ट टक्के रक्तात पोचते, म्हणजे साधारण तीन मिलिग्रॅम. वीस चौरस सेंटिमीटरच्या पट्टीतून चोवीस तासांत तेवढे पोचवायचे तर दर चौरस सेंटिमीटरमागे तासाला सहा-सात मायक्रोग्रॅम आत जायला हवे. कठीण आहे, अशक्य नाही. टेल्मिसार्टनच्या ४० मिलिग्रॅमसाठी हाच आकडा पस्तिसाच्या आसपास जातो, आणि रेणू त्याहून बोजड. पाव मात्रेच्या अमलोडिपिनसाठी तो दीड मायक्रोग्रॅमवर येतो. कागदावरच्या या तीन ओळी मांडल्याशिवाय कोणी प्रयोगशाळेत पाऊल ठेवू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

पट्टीचा इतिहास फार जुना नाही. प्रवासातल्या मळमळीसाठी स्कोपोलॅमिनची पट्टी अमेरिकेत १९७९ साली मान्य झाली. अलेहान्द्रो झाफारोनी यांच्या आल्झा कंपनीत हे तंत्र घडले. १९८४ मध्ये क्लोनिडिनची पट्टी आली, आणि रक्तदाबासाठी आठवडाभर चालणारी पट्टी हे स्वप्न प्रत्यक्षात उतरले. ती हातात घेऊन पाहण्यासारखी वस्तू आहे. जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर, सर्वांत लहान आकार साडेतीन चौरस सेंटिमीटर. वर त्वचेच्या रंगाचे आवरण, त्याखाली खनिज तेल आणि पॉलिआयसोब्युटिलिनमध्ये मुरवलेले औषध, मग सूक्ष्म छिद्रांचे पॉलिप्रॉपिलिनचे पटल, शेवटी गोंद. दिवसाला ०.१ मिलिग्रॅम या वेगाने औषध सुटते ते त्या पटलाच्या छिद्रांमुळे. या लहान पट्टीत २.५ मिलिग्रॅम क्लोनिडिन भरलेले असते आणि सात दिवसांत त्यातले ०.७ मिलिग्रॅमच वापरले जाते. उरलेला साठा आत लोटणारा दाब टिकावा म्हणून लागतो. म्हणजे काढून टाकलेल्या पट्टीतही लहान मुलाला धोकादायक ठरेल इतके औषध असते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी टाकायची, हे पट्टी देतानाच सांगितले पाहिजे.

क्लोनिडिनच्या पट्टीने दोन धडे शिकवले. पहिला त्वचेचा. कित्येक रुग्णांना लावलेल्या जागी लाली, खाज आणि पुढे खरी ऍलर्जी होते, आणि ती पट्टीपुरती न राहता तेच औषध तोंडाने दिल्यावरही अंगावर उठू शकते. दुसरा धडा औषध अचानक थांबण्याचा. क्लोनिडिन एकदम बंद झाले तर दाब उसळी मारतो. त्वचेत साठलेले औषध पट्टी काढल्यावरही काही तास झिरपत राहते, म्हणून ही उसळी गोळीपेक्षा सौम्य असते. तरी घामाने पट्टी निघून पडली आणि दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही, तर काय होईल याचा विचार करायलाच हवा. बिसोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकरलाही हा इशारा लागू आहे. जपानमध्ये २०१३ साली बिसोप्रोलॉलची रक्तदाबासाठीची पट्टी मान्य झाली. ती रोज बदलायची असते आणि छाती, दंड किंवा पाठ यांपैकी एका जागी लावायची असते. गोळीत हे औषध फ्यूमरेट क्षाराच्या रूपात असते, पट्टीत ते क्षाराविना आहे, कारण विद्युतभारित क्षार त्वचेच्या स्निग्ध थरातून सहज जात नाही. साधी गोष्ट आहे, पण अमलोडिपिन बेसिलेट जसेच्या तसे पट्टीत घालून पारगमन मोजणारे निबंध आजही लिहिले जातात.

दोन औषधे एका पट्टीत राहू शकतात हे स्त्रियांच्या संप्रेरकांच्या पट्ट्यांनी सिद्ध केले आहे. २००१ साली आलेली गर्भनिरोधक पट्टी त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिची पुढची हकिगत रक्तदाबाच्या पट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. बाजारात आल्यावर काही वर्षांनी लक्षात आले की नेहमीच्या गोळीच्या तुलनेत पट्टी वापरणाऱ्या स्त्रीच्या शरीराला इस्ट्रोजेनचा एकूण संपर्क सुमारे ६० टक्के अधिक होतो, आणि २००५ मध्ये तसा इशारा छापावा लागला. तोंडाने घेतलेले औषध आधी आतड्यातून आणि यकृतातून जाते आणि तिथे त्याचा काही भाग नष्ट होतो. त्वचेच्या वाटेवर ही कपात नाही. तिथे रोज किती मिलिग्रॅम आत गेले हा आकडा एकटा पुरत नाही. रक्तातली पातळी दिवसभर मोजावी लागते. उलट बाजूही आहे. रामिप्रिलसारखी औषधे यकृतात गेल्यावरच खऱ्या अर्थाने कामाला लागतात. त्यांना पट्टीत घालण्यापूर्वी ती रूपांतरे कुठे आणि किती होतील याचे उत्तर हाती असायला हवे.

संयुक्त पट्टीची खरी कसोटी गोंदात लागते. औषध गोंदात विरघळलेले असते तोवरच ते त्वचेकडे सरकते. एका औषधासाठी जेवढी जागा होती तेवढ्यात दोन-तीन कोंबली की एखादे स्फटिक होऊन बाहेर पडते. पार्किन्सनसाठीच्या रोटिगोटिन पट्टीत असेच बर्फाच्या पाकळ्यांसारखे स्फटिक वाढू लागले आणि २००८ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावी लागली. ती परत यायला २०१२ उजाडले. तिथे तर एकच औषध होते. शिवाय पारगमन वाढवण्यासाठी घातलेले ओलेइक आम्ल किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल एका औषधाला जोर देते आणि दुसऱ्याला मागे ठेवते. अमलोडिपिनचा अमाइन गट ऍक्रिलिक गोंदातल्या आम्लगटांना धरून बसू शकतो. त्याला प्रकाशही सोसत नाही, म्हणून वरचे आवरण अपारदर्शक हवे. इंडापामाइडमधला सल्फोनामाइड गट त्वचेला मानवतो का हे फार आधी पाहायला हवे. आणि पट्टी काढल्यावर बिसोप्रोलॉल दहा-बारा तासांत निम्मे होते, अमलोडिपिन तीस ते पन्नास तास घेते. दोघांचा निरोप एका वेळी होत नाही. एका औषधाचा त्रास झाला तर फक्त तेवढे थांबवण्याची सोयही नाही.

महाराष्ट्रातल्या फार्मसी महाविद्यालयांत पट्टी हा एम.फार्म.च्या प्रबंधाचा आवडता विषय आहे. काचेच्या पेट्री डिशमध्ये एचपीएमसी, इथाइल सेल्युलोज आणि प्लास्टिसायझर यांचे द्रावण ओतायचे, रात्रभर सुकू द्यायचे, सकाळी पापुद्रा सोडवायचा. मग किती घड्या घातल्यावर तो तुटतो ते मोजायचे, जाडी मोजायची आणि फ्रान्झ सेलकडे वळायचे. काचेच्या दोन भागांच्या मध्ये त्वचेचा तुकडा चिमट्याने घट्ट धरलेला, खाली ७.४ सामूचे बफर, त्यात फिरणारी चुंबकपट्टी, भोवती ३२ अंशांचे पाणी, आणि ठरावीक तासांनी बाजूच्या नळीतून काढलेला नमुना. त्वचा पुष्कळदा उंदराची असते. तिच्यातून औषध माणसाच्या त्वचेपेक्षा कितीतरी वेगाने जाते, आणि मग आलेख सुंदर येतो. डुकराच्या कानाची त्वचा माणसाच्या बरीच जवळची आहे आणि ती मिळवणे अवघड नाही. विद्यार्थी मन लावून, रात्री जागून हे काम करतात. म्हणूनच त्यांचे श्रम अशा प्रश्नावर खर्च व्हावेत की ज्याचे उत्तर रुग्णापर्यंत पोचेल. गोंदाचा चिकटपणा, महिन्यांनंतरचे स्फटिक, दोन औषधांचे एकमेकांवरचे परिणाम या गोष्टी घड्या मोजण्याहून फार महत्त्वाच्या आहेत.

पट्टी कोणासाठी? सर्वांसाठी नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. अमलोडिपिन मुळातच दीर्घकाळ टिकणारे औषध आहे. जो माणूस रोज सकाळी चहाबरोबर एक संयुक्त गोळी न चुकता घेतो, त्याला पट्टीने विशेष काही मिळणार नाही. अचानक चढलेला दाब उतरवायलाही ती निरुपयोगी, कारण औषध रक्तात स्थिर व्हायला दिवस लागतात. पण पक्षाघातानंतर ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या घरी जाऊन पाहावे. सून किंवा मुलगी खलात गोळ्या कुटते, पाण्यात कालवते, सिरिंजने राइल्स ट्यूबमधून घालते. नळी तुंबते. सावकाश सुटण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की तिचे सारे औषध एकदम सुटते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. स्मृतिभ्रंश झालेले वडील गोळी घेतली की थुंकली हे कळत नाही. पट्टी दंडावर डोळ्यांना दिसते, तिच्यावर तारीख लिहिता येते. आठवड्याची पट्टी असेल तर आशाताई ठरलेल्या वारी येऊन ती बदलू शकतात आणि त्याच वेळी दाबही मोजू शकतात. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. गावपातळीवर औषध पोचवण्याची वाट त्यामुळे थोडीफार घडलेली आहे. पट्टी त्या वाटेवर यायची तर तिची किंमत सरकारी खरेदीला परवडली पाहिजे.

आपल्या हवेचा विचार तर अगदी सुरुवातीपासून हवा. उष्णतेने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि पट्टीतून औषधही जास्त सुटते. फेंटानिलच्या पट्टीबाबत हा धोका नीट नोंदलेला आहे. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा शेतात काम करणाऱ्या, घामाने आधीच पाणी गमावलेल्या माणसाच्या अंगात तीन दाबशामक औषधे नेहमीपेक्षा वेगाने शिरली तर तो उभ्या जागी कोसळू शकतो. कोकणातल्या पावसाळ्यात प्रश्न उलटा: पट्टी टिकेल का? वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचण्या यांपैकी कशाचेच उत्तर देणार नाहीत.

शेवटी परवानगी आणि चाचण्यांविषयी. २०१६ साली केंद्र सरकारने ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. त्यामागचे कारण हेच होते की औषधे एकत्र का आणली याचे समाधानकारक उत्तर नव्हते. २०१९ च्या नियमांनुसार औषध देण्याची नवी रचना ही नवे औषध मानली जाते, आणि ते योग्यच आहे. माझी अपेक्षा अशी आहे की संयुक्त पट्टीची तुलना नुसत्या गोंदाच्या पट्टीशी न करता त्याच औषधांच्या एका गोळीशी व्हावी, कारण रुग्णासमोर खरा पर्याय तोच आहे. चाचणी तिन्ही ऋतूंतून जावी. दाब दवाखान्यात एकदा न मोजता चोवीस तास मोजावा, पट्टी बदलताना प्रत्येक वेळी खालची त्वचा पाहावी. आणि वापरलेल्या पट्ट्या परत गोळा करून त्यांत प्रत्येक औषध किती उरले हे तपासावे. रुग्णाने पट्टी खरोखर लावली होती का आणि त्याच्या त्वचेने कोणते औषध किती आत घेतले, ही दोन्ही उत्तरे त्या एका मोजणीतून मिळतात.